हात लावून शिकावे असे विज्ञान : रसायनीहून वरळीकडे

उद्योगामुळे नावारूपाला आलेल्या वसाहती महाराष्ट्रात अनेक आहेत. किर्लोस्करवाडी आणि वालचंदनगर ही गावे उद्योजकांच्या नावाने वसली. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी असलेली रसायनी मात्र थेट एका शास्त्राच्याच नावाने ओळखली जाते. मोहोपाड्याची बाजारपेठ, आसपासची जुनी खेडी आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलेले कारखाने असे या परिसराचे रूप आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स आणि १९८२ मध्ये सुरू झालेला रिलायन्सचा पाताळगंगा येथील कृत्रिम धाग्यांचा कारखाना यांनी या भागाला देशाच्या औद्योगिक नकाशावर स्थान मिळवून दिले.

येथे वाढणाऱ्या मुलाला कारखान्याची चिमणी रोज दिसते, पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू येतो आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ‘प्लँट’, ‘बॉयलर’, ‘शिफ्ट’ हे शब्द सहज कानी पडतात. परंतु कुंपणाच्या आत नेमके काय घडते, हे त्याला पाहता येत नाही. रासायनिक कारखान्यात सुरक्षेच्या कारणास्तव मुलांना मुक्त प्रवेश देणे शक्यही नसते. शाळेतील पुस्तकात सूत्रे असतात, रस्त्याच्या पलीकडे कारखाना असतो. या दोहोंना जोडणारा दुवा तेवढा हाती लागत नाही. हा दुवा पुरवण्यासाठीच जगभर विज्ञान आणि उद्योगांची संग्रहालये निर्माण झाली. रसायनीकरांच्या आवाक्यातील असे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे मुंबईतील वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र होय.

काचेच्या कपाटाकडून कळीच्या बटणाकडे

संग्रहालय म्हटले की ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी डोळ्यांसमोर येते. दुर्मीळ मूर्ती किंवा नाणी यांच्या बाबतीत ती योग्यच आहे. यंत्राचे मात्र तसे नाही. स्थिर उभे असलेले यंत्र आपले काम सांगत नाही. ते फिरले, तरच समजते. हा विचार जर्मनीतील म्युनिक येथे १९०३ मध्ये स्थापन झालेल्या ‘डॉइचेस म्युझियम’ने प्रभावीपणे अमलात आणला. तेथे प्रेक्षकाने बटण दाबावे, दांडा फिरवावा आणि यंत्र चालताना पाहावे, अशी योजना होती. त्या संग्रहालयाच्या प्रभावातून अमेरिकेत शिकागो येथे १९३३ मध्ये विज्ञान आणि उद्योग संग्रहालय सुरू झाले. कोळशाच्या खाणीत उतरल्याचा अनुभव देणारे त्याचे दालन आजही लोकप्रिय आहे.

पुढचे पाऊल पडले ते १९६९ मध्ये. फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडले. अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे बंधू. त्यांच्या संस्थेत जुनी यंत्रे जमवण्यापेक्षा प्रकाश, ध्वनी, गती यांचे नियम प्रेक्षकाने स्वतः प्रयोग करून अनुभवावेत, यावर भर होता. तेथे प्रेक्षक हा नुसता पाहणारा उरला नाही. त्याच्या हाताशिवाय प्रयोग पुराच होत नसे.

भारतातही हा प्रवाह लवकर पोहोचला. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक आणि तंत्रवैज्ञानिक संग्रहालय १९५९ मध्ये, तर बंगळुरूचे विश्वेश्वरय्या संग्रहालय १९६५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. या संस्थांचा कारभार पाहण्यासाठी १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर औद्योगिक संग्रहालयाची कल्पना त्याहूनही जुनी आहे. पुण्यातील आजचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय १८९० मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने औद्योगिक संग्रहालय म्हणूनच सुरू झाले होते.

वरळीचे केंद्र

नेहरू विज्ञान केंद्राची मूळ कल्पना साठच्या दशकाच्या अखेरीस पुढे आली, ती ‘विज्ञान आणि उद्योग संग्रहालय’ अशीच. परंतु दरम्यानच्या काळात जगभर प्रयोगप्रधान विज्ञान केंद्रांचे वारे वाहू लागले आणि आराखडा बदलला. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील दालन खुले झाले. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात मोकळ्या आवारातील विज्ञान उद्यान तयार झाले. खेळाच्या मैदानालाच प्रयोगशाळा करण्याची ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. मुख्य इमारतीची रचना कोकणातील आचरे येथे जन्मलेले ख्यातनाम वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे यांची. संपूर्ण केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले.

आराखडा बदलला तेव्हा नावातून ‘उद्योग’ हा शब्द गेला, तरी त्याच्या काही खुणा आवारात शिल्लक आहेत. वाफेचे रेल्वे इंजिन, वाफेवर चालणारी मालमोटार आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ३१ मार्च १९६४ रोजी कायमची निवृत्त झालेली ट्राम यांचे नमुने येथे जतन केलेले आहेत. १९६१ मध्ये प्रथम आकाशात झेपावलेले ‘मरुत’ हे भारतात बांधलेले लढाऊ जेट विमानही येथे पाहायला मिळते. इमारतीच्या आत प्रकाश, ध्वनी, गती, अणुऊर्जा अशा विषयांची दालने आहेत.

घरचे उदाहरण सोबत न्यावे

विज्ञान केंद्रात गेलेली बहुतेक मुले एका प्रतिकृतीकडून दुसरीकडे धावत सुटतात, बटणे दाबतात आणि दोन तासांत दमून बाहेर येतात. मजा होते, पण मनात फारसे काही रुजत नाही. त्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे आपल्या परिसरातील एखादा प्रश्न सोबत घेऊन जाणे. कर्जत-खालापूरच्या मुलांकडे अशा प्रश्नांची वाण नाही.

पहिला प्रश्न पाताळगंगेचा. इतर नद्या उन्हाळ्यात आटत असताना ही नदी वाहती कशी राहते? याचे उत्तर खोपोलीत आहे. लोणावळा परिसरातील वळवण, शिरवटा आदी तलावांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली आणून टाटा कंपनीने १९१५ मध्ये खोपोलीला वीजनिर्मिती सुरू केली. चक्रे फिरवून झाल्यावर सोडलेले हे पाणी पाताळगंगेला मिळते. त्यावर पुढे कारखान्यांची आणि गावांची तहान भागते. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजकेंद्र १९२२ चे; त्याचे पाणी उल्हास नदीत जाते.

आता थोडे गणित. घाटमाथ्यापासून खोपोलीपर्यंत पाणी ५०० मीटरांहून अधिक उंची उतरते. हिशेबासाठी ५०० मीटरच धरू. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी इतके खाली आले, तर त्यातून ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळू शकते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. याचा अर्थ हजार लिटरची घरावरची टाकी घाटावरून खाली ओतली, तर सुमारे सव्वा ते दीड युनिट वीज! खोपोली केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट आहे. ती पूर्ण वापरायची, तर दर सेकंदाला किमान १५ घनमीटर पाणी हवे. उंचीवरची ऊर्जा गतीत आणि गतीची विजेत कशी बदलते, हे विज्ञान केंद्रातील चाके आणि जनित्रे हाताने फिरवताना हा हिशेब आठवावा. दिवा पेटवण्यासाठी दांडा किती जोराने फिरवावा लागतो, हे हाताला कळले की ७२ मेगावॅट म्हणजे काय, याची खरी कल्पना येते.

आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. खोपोलीची वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी निर्माण करण्यात आली. आज विज्ञान केंद्र ज्या वरळी-लोअर परळच्या परिसरात आहे, तोच हा गिरणगाव. म्हणजे रसायनीहून वरळीला जाणारा विद्यार्थी एका अर्थाने त्या विजेच्याच वाटेने जात असतो.

दुसरा प्रश्न बोरघाटाचा. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडलेली आपण पाहतो, ती कशासाठी? घाटात चढ साधारण ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. हा चढ डोळ्यांना किरकोळ वाटतो. पण १,००० टन वजनाच्या गाडीला तो सुमारे २७ टन वजनाइतक्या बलाने मागे ओढतो. उतरणीचे फळे, कप्प्या आणि तरफा ही विज्ञान उद्यानांतील नेहमीची साधने हाताळताना हे बल प्रत्यक्ष जाणवते. नंतर आवारातील वाफेच्या इंजिनासमोर उभे राहिले, की घाट चढवणे हे केवढे काम होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

रसायनशास्त्र मागे का?

रसायनीच्या विद्यार्थ्याला एक उणीव मात्र जाणवल्याशिवाय राहणार नाही. विज्ञान केंद्रांत आरसे, भिंगे, लोलक, चुंबक, ध्वनीच्या नळ्या भरपूर असतात. ज्या शास्त्राने आपल्या गावाला नाव दिले, ते रसायनशास्त्र त्या मानाने कमी दिसते. ही उणीव जगभरच्या केंद्रांत कमी-अधिक प्रमाणात आढळते आणि तिला कारणे आहेत. लोलक दिवसभरात हजार वेळा हलवला तरी संपत नाही. रासायनिक अभिक्रियेत मात्र प्रत्येक वेळी पदार्थ खर्च होतो, नवा भरावा लागतो आणि उरलेल्याची विल्हेवाट लावावी लागते. शिवाय काच, उष्णता, वायू आणि आम्ल हे लहान मुलांच्या हाती मोकळेपणी देता येत नाही.

यावर दोन मार्ग निघाले. प्रेक्षकाने बटण दाबावे आणि काचेआड अभिक्रिया घडावी, हा म्युनिकचा मार्ग. जाणकाराने प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावा, हा पॅरिसमधील १९३७ च्या ‘पॅले द ला देकुव्हर्त’चा मार्ग. आपल्याकडील विज्ञान केंद्रांतही प्रात्यक्षिकांचे कार्यक्रम होतात. सहलीच्या दिवशी रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक असेल, तर रसायनीच्या शाळांनी ते चुकवू नये.

कारण सांगण्यासारखी कथा रसायनीत आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना १९६० च्या डिसेंबरमध्ये झाली. रंग, औषधे, रबर यांच्या कारखान्यांना लागणारी मूलभूत सेंद्रिय रसायने तेव्हा परदेशांतून आणावी लागत. ती देशातच करणे, हा या सरकारी कंपनीचा हेतू. बेंझिनपासून नायट्रोबेंझिन आणि नायट्रोबेंझिनपासून अ‍ॅनिलिन ही पाठ्यपुस्तकातील एका ओळीची साखळी रसायनीत टनांच्या हिशेबाने चालत असे. याच कारखान्यातील नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे द्रव ‘इस्रो’ला पुरवले जाई. हायड्राझीन वर्गातील इंधनाशी त्याचा संयोग होताच ठिणगीवाचून ज्वलन सुरू होते. या गुणामुळे पीएसएलव्ही अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यात आणि ‘विकास’ इंजिनाच्या अन्य रूपांत त्याचा उपयोग होतो. श्रीहरिकोट्याच्या उड्डाणाशी पाताळगंगेच्या काठाचा असा थेट संबंध आहे. तो किती मुलांना माहीत असेल?

शेजारच्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सची कथाही तितकीच बोलकी आहे. मलेरियाविरोधी मोहिमेसाठी डीडीटी तयार करण्याकरिता १९५४ मध्ये ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा एक कारखाना रसायनीत उभा राहिला. ज्या पदार्थाने असंख्य प्राण वाचवले, तोच माती, पाणी आणि पक्ष्यांच्या शरीरांत साठून राहतो, हे पुढे लक्षात आले आणि जगाने त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. विज्ञान वरदान की शाप, या निबंधाच्या घासून गुळगुळीत झालेल्या विषयाला एवढे जवळचे उदाहरण दुसरे नाही.

निसटू पाहणारा ठेवा

या साऱ्याला एक तातडीची बाजू आहे. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा रसायनी येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. केवळ नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग ‘इस्रो’कडे देऊन चालू ठेवावयाचा, तर सुमारे ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकावयाची, असे ठरले. आर्थिक कारणांची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. परंतु कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रांबरोबर आणखीही काही जाते. नियंत्रण कक्षाच्या तबकड्या, नळजोडणीचे नकाशे, प्रयोगशाळेच्या नोंदवह्या, सुरक्षेच्या सूचनांचे फलक आणि हे सारे चालवणाऱ्या माणसांचे ज्ञान, यांपैकी कशालाही भंगाराच्या बाजारात किंमत नसते.

मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतीत हेच घडले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, तोवर बहुतेक गिरण्यांतील यंत्रे नाहीशी झालेली होती. उलट उदाहरण घाटापलीकडे आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या साहाय्याने उभारलेले चिंचवडचे सायन्स पार्क २०१३ मध्ये खुले झाले. मोटारींच्या या नगरीने तेथे वाहनांचे स्वतंत्र दालन ठेवले. ज्या उद्योगावर गाव जगते, त्याचे विज्ञान गावातील मुलांना हाताळता येते.

रायगडमध्ये रसायनशास्त्राचे असे एखादे दालन का नसावे? त्यासाठी भव्य इमारतच हवी असे नाही. सुरक्षित केलेली एखादी जुनी अभिक्रियापात्रे, उष्णता-विनिमयकाचा उभा छेद, हाताने चालवता येणारी झडप आणि पंप, आणि शेजारी त्यांचे काम सांगणारा निवृत्त कामगार, एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो. खोपोलीची वीज, बोरघाटाची रेल्वे आणि रसायनीची रसायने ही तीन दालने तर या तालुक्यांनी आयतीच देऊ केली आहेत. निवृत्त कामगारांची पिढी आपल्यात आहे तोवरच हे काम सोपे आहे.

भेट कशी आखावी?

एका दिवसात सर्व दालने पाहण्याचा अट्टहास करू नये. दोन किंवा तीन दालने आणि विज्ञान उद्यान एवढे पुरेसे आहे. त्यासाठी तीन ते चार तास हाताशी ठेवावेत. मुलांचे पाच-सहा जणांचे गट करावेत. प्रत्येक प्रयोगापूर्वी ‘काय होईल?’ असे विचारून अंदाज वहीत लिहून घ्यावा आणि मगच हात लावू द्यावा. अंदाज चुकला, तर उत्तर लगेच सांगू नये. पुन्हा करून पाहू द्यावे. फलक आधी वाचून मग प्रयोग करण्यापेक्षा प्रयोग करून मग फलक वाचला, तर तो अधिक समजतो. शिक्षकांनी शक्य झाल्यास आधी एकदा जाऊन यावे. घरी परतल्यावर त्यातील एक प्रयोग टाकाऊ वस्तूंतून पुन्हा करून पाहावा. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या नळ्या आणि कागद यांतून विज्ञान खेळणी घडवली, त्यांची पुस्तके मराठीतही उपलब्ध आहेत.

कसे जाल?

रसायनी-मोहोपाड्याहून रस्त्याने पनवेल गाठावे. पनवेल-रोहा मार्गावर रसायनी हे रेल्वे स्थानक आहे. परंतु तेथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या असल्याने वेळ पाहून निघावे. पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला, तेथून मध्य रेल्वेने दादर आणि पुढे पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी, असा मार्ग आहे. कर्जत किंवा खोपोलीहून येणाऱ्यांना थेट लोकलने दादरला उतरून महालक्ष्मीकडे जाता येते. स्थानकापासून डॉ. ई. मोझेस मार्गावरील केंद्र पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मेट्रो-३ या भुयारी मार्गावरील केंद्रालगतचे स्थानकही ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाले आहे.

हे लक्षात ठेवा

वरळीतच असलेले नेहरू तारांगण ही वेगळी संस्था आहे. दोन्ही पाहावयाचे असल्यास वेळ स्वतंत्र ठेवावा. प्रवेशशुल्क, शालेय सवलत आणि कार्यक्रमांच्या वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी केंद्राकडे चौकशी करावी. मोठ्या गटाने आगाऊ नोंदणी करणे सोयीचे. विज्ञान उद्यान मोकळ्यावर असल्याने उन्हाळ्यात तो भाग सकाळी पाहावा, तर पावसाळ्यात आतील दालनांवर भर द्यावा. सोबत वही, पेन्सिल आणि पाणी असावे. आणि आपल्या गावाविषयीचा किमान एक प्रश्न.